पडदा पुसला, पण मागे काय उरलं?

भिलाईहून मी पुन्हा हजर. मागच्या भागात आपण टर्मिनलची काळी खिडकी उघडली होती. आज ती पुसायला शिकू. विषय दोन मिनिटांचा वाटेल, पण यानेच मला एकदा वीस पोरांसमोर तोंडघशी पाडलं आहे.

उबुंटूत सी-एल-ई-ए-आर, म्हणजे 'क्लिअर' टाइप करून एंटर दाबायचं. अक्षरं स्मॉलच हवीत. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हेच काम 'सीएलएस' करतं. पॉवरशेलला दोन्ही शब्द कळतात.

मी स्वतः कंट्रोल आणि एल दाबतो. अर्धवट लिहिलेली कमांड पुसली जात नाही, तेवढी वरच्या ओळीत जाऊन बसते. जुना मजकूरही बहुतेक वेळा माउसचं चाक फिरवलं की परत दिसतो. नवीन 'क्लिअर' मात्र तो मागचा मजकूरही पुसू पाहतो. तो ठेवायचा असेल तर क्लिअरनंतर जागा सोडून वजा चिन्ह आणि एक्स लिहा. मॅकवर कमांड आणि के दाबलं की मागचा मजकूरही पुसला जातो.

कधी चुकून चित्राची फाइल 'कॅट'ने उघडली जाते आणि पडद्यावर भलतीच चिन्हं उमटतात. तिथे क्लिअर पुरत नाही. लिहिलेलं दिसत नसलं तरी 'रीसेट' टाइप करून एंटर दाबा.

मुळात क्लिअर टर्मिनलला फक्त एक इशारा पाठवतो: एस्केप, चौकटी कंस, २ आणि जे. १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनललाही हाच इशारा समजायचा. म्हणजे पुसला जातो तो फळा. ब्रीफिंग संपल्यावर आम्हीही फळा पुसत असू, पण लॉगबुकातली नोंद तशीच राहायची.

हे ठाऊक असूनही मी फसलो. सेक्टरमधल्या पोरांना 'सुडो' दाखवत होतो. एकदा पासवर्ड दिला की उबुंटूत सुडो साधारण १५ मिनिटं तो पुन्हा विचारत नाही. माझी बोटं सवयीची गुलाम. न विचारताच पासवर्ड लिहून मोकळा झालो. तो ठळक अक्षरांत पडद्यावर! झटकन कंट्रोल-एल दाबलं आणि ऐटीत वळलो. पुढच्या बाकावरच्या पोराने वरच्या बाणाची कळ दाबली. "अंकल, ये तो वापस आ गया!"

कारण बॅश प्रत्येक कमांड 'हिस्टरी'त ठेवतो आणि खिडकी बंद करताना ती यादी फाइलमध्ये उतरवतो. अशा वेळी 'हिस्टरी' लिहा, त्या ओळीचा क्रमांक बघा, मग हिस्टरी, वजा डी आणि तो क्रमांक. खिडकी बंद करण्याआधीच हे करा.

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, सरावाला जरूर बघा. मी मात्र त्या दिवशी ओळ खोडूनही घरी आल्याबरोबर पासवर्ड बदलला. वीस पोरांनी तो वाचला होता, त्यांच्या हिस्टरीतून कसा काढणार?