दुकानाच्या वेळा पाळणारा लेखक

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ते दुकान पहाटे ६ वाजता उघडे आणि मध्यरात्र उलटून १ वाजला म्हणजे बंद होई. गोळ्या, चॉकलेट, सोडा, सिगारेट, वर्तमानपत्रे आणि मासिके असा सारा चिल्लर गिऱ्हाइकीचा माल. मालक ज्युडा असिमॉव्ह हे १९२३ मध्ये बायकामुलांसह रशियातून आलेले ज्यू गृहस्थ. परक्या देशात तीन वर्षे काढल्यावर, १९२६ मध्ये, त्यांनी हे दुकान घेतले. थोरला मुलगा आयझॅक तेव्हा सहा वर्षांचा होता. थोडा मोठा होताच तोही दुकानाच्या कामाला लागला. शाळेपूर्वी घरोघर वर्तमानपत्रे टाकायची आणि शाळा सुटली की गल्ल्यामागे उभे राहायचे, हा त्याचा दिनक्रम ठरून गेला.

दुकानात मासिकांची रास असे, परंतु मुलाने त्यांना हात लावलेला वडिलांना खपत नसे. ते वाङ्मय हलके, वेळ फुकट घालवणारे, असे त्यांचे मत होते. १९२९ मध्ये 'सायन्स वंडर स्टोरीज' नावाचे नवे मासिक विक्रीला आले. नावात 'सायन्स' हा शब्द आहे, तेव्हा यात विज्ञान असणारच, असा युक्तिवाद नऊ वर्षांच्या आयझॅकने केला आणि वडिलांनी परवानगी दिली. अट एकच होती. वाचून झालेला अंक पुन्हा विक्रीला ठेवायचा असे, त्यामुळे पानाला घडी पडता कामा नये की बोटाचा डाग लागता कामा नये. विक्रीचा माल न मळवता वाचण्याची ही कला त्याने उत्तम साधली.

वडिलांची इच्छा मुलाने डॉक्टर व्हावे अशी होती. वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज गेले आणि नकार आले. मग आयझॅक कोलंबिया विद्यापीठात रसायनशास्त्र शिकत राहिला आणि सोबत कथा लिहू लागला. जून १९३८ मध्ये पहिली कथा घेऊन तो एका संपादकांच्या कचेरीत स्वतः जाऊन पोचला. ती कथा साभार परत आली. पुढे दुसरी एक कथा विकली गेली, तिचे ६४ डॉलर मिळाले आणि त्या पैशांचा उपयोग शिक्षणाला झाला.

त्यानंतरची काही वर्षे कुठल्याच एका चाकोरीतली नव्हती. महायुद्धाच्या काळात फिलाडेल्फिया येथे नौदलाच्या प्रयोगशाळेत रसायनज्ञ म्हणून काम झाले. युद्ध संपल्यावर सैन्यात भरती व्हावे लागले आणि तेथे मुख्यतः टंकलेखन वाट्याला आले. परत येऊन असिमॉव्ह यांनी डॉक्टरेटचे अपुरे काम हाती घेतले. प्रबंधाच्या रूक्ष भाषेने आपली लेखणी बिघडेल, या धास्तीने त्यांनी 'थायोटिमोलिन' नामक एका काल्पनिक रसायनावर लटका शोधनिबंध लिहिला. पाणी पडण्यापूर्वीच ते विरघळते, असे त्यात गंभीरपणे मांडले होते. टोपणनावाने छापावा ही विनंती विसरली गेली आणि १९४८ मध्ये, तोंडी परीक्षेच्या ऐन तोंडावर, तो खऱ्या नावानिशी प्रसिद्ध झाला. परीक्षकांनी अगदी शेवटचा प्रश्न थायोटिमोलिनविषयीच विचारला. असिमॉव्ह यांना हसू आवरेना. परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे त्यांनी त्यातूनच ओळखले.

१९४९ पासून ते बॉस्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागात जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, पण प्रयोगशाळेतील संशोधनात त्यांचे मन रमत नव्हते. लेखनाचे उत्पन्न हळूहळू पगाराच्या पुढे गेले. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि सामान्य माणसाला विज्ञान समजावून सांगणाऱ्या पुस्तकांची अमेरिकेला एकाएकी निकड भासू लागली. इकडे विद्यापीठातील वरिष्ठांना संशोधन हवे होते. पुढल्या वर्षी पगार थांबला. असिमॉव्ह यांनी वेतनाचा आग्रह सोडला, परंतु हक्काने मिळालेले सहयोगी प्राध्यापकपद सोडले नाही. त्यासाठी भांडले आणि ते राखले. घरी पत्नी आणि दोन लहान मुले होती. ठरलेली मिळकत सोडून केवळ लेखणीवर संसार चालवायचा, हा निर्णय त्यांनी वयाच्या ३८ व्या वर्षी घेतला.

येथे ते जुने दुकान त्यांच्या कामी आले. पहाटे उठायचे, आठवड्याचे सातही दिवस काम करायचे आणि गिऱ्हाईक कमी असले तरी गादी सोडायची नाही, ही शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. दुकानाच्या वेळा आपण जन्मभर पाळल्या, असे ते स्वतःच सांगत. टंकलेखन, मुद्रिते तपासणे, पुस्तकाची सूची करणे ही सारी कामे ते स्वतः करीत. हाताखाली कारकून नव्हता. १ जानेवारी १९३८ ला सुरू केलेली रोजनिशी त्यांनी रोजमेळाच्या नेमाने लिहिली. रसायन, गणित, खगोल हे विषय तर होतेच, पण बायबल आणि शेक्सपिअर यांवरही त्यांनी जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ लिहिले. अनोळखी विषय हाती घेताना आधी स्वतः शिकायचे आणि मग शिकवायचे, ही रीत. जैन परंपरेने स्वाध्यायाला तपात का गणले, याची आठवण या दिनक्रमाकडे पाहताना होते. पुस्तकांची संख्या पाचशेच्या घरात गेली. त्यांतील बरीच केवळ संपादित आहेत, तेव्हा त्या आकड्याने फार दिपून जाण्याचे कारण नाही. मोल आहे ते अवघड विषय सोप्या, स्वच्छ वाक्यांत मांडण्याच्या हातोटीचे.

या शिस्तीला दुसरी बाजूही होती. आईवडील सदैव दुकानात असल्यामुळे आपण त्यांना पारखे झालो, अशी खंत असिमॉव्ह यांनी आत्मचरित्रात बोलून दाखवली आहे. पेढीवर वाढलेल्या मुलांना ही खंत नवी नाही. मात्र पुढे तेही टंकयंत्रापाशी तसेच अडकून पडले, आणि सुटीवर जाणे त्यांना शिक्षेसारखे वाटे.

वडील थकल्यावर एकदा मुलाचे विज्ञानावरील पुस्तक चाळत होते. एवढे सारे तू शिकलास कुठून, असे त्यांनी विचारले. तुमच्याकडूनच, असे मुलाने सांगितले. यातले एक अक्षरही आपल्याला ठाऊक नाही, म्हणून ते चकित झाले. तेव्हा मुलाने त्यांना समजावले, की विद्येची किंमत तुम्ही शिकवलीत, बाकीचे आपोआप आले. ज्युडा असिमॉव्ह १९६९ मध्ये वारले.

दहा वर्षांनी, १९७९ मध्ये, बॉस्टन विद्यापीठाने असिमॉव्ह यांना पूर्ण प्राध्यापकपद दिले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कागदपत्रांच्या शेकडो पेट्या आज त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेल्या आहेत.