कराराची बाग

पहाटे साडेपाचला मांगराचं दार उघडतं आणि आधी वास बाहेर येतो. आत भिंतीच्या कडेने आडी घातली आहे. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा. वहिनी गुडघ्यांवर बसते, पेंढा सारते, एकेक फळ उचलून देठापाशी अंगठा टेकवते. दाबत नाही, नुसता टेकवते. तेवढ्याने तिला कळतं. आज जाणारं फळ उजवीकडच्या क्रेटमध्ये, दोन दिवस लागणारं डावीकडे. डाग पडलेलं मागे, घरच्या रसासाठी.

अक्षय्य तृतीया पाच दिवसांवर आली आहे. देवगडात, जामसंड्याच्या पुढे कातळावर मामाची कलमं आहेत आणि या आठवड्यात मांगरात झोप कुणालाच नसते. मी डोंबिवलीहून दरवर्षी येते ती या दिवसांत, खोके दुमडायला. मामेभाऊ तालुक्याच्या कामाला गेला आहे, संध्याकाळी येईल. विक्रीचं सगळं वहिनीच बघते.

तिचा मोबाइल खिडकीत पालथा पडला आहे. आठ वाजेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. त्याच्या शेजारी एक जाड, रेघांची वही आहे. कोपरे चिकाने काळे झालेले, मध्ये रबर बांधलेलं. तिला मात्र दिवसभर हात लागत असतो.

बाहेर उजाडतं. मामा झेला घेऊन पहिल्या कलमाखाली उभा राहतो. वय एकाहत्तर, पण नजर अजून पानाआडचं फळ हेरते. वहिनीचा मुलगा, नववीतला, मोबाइलवर चित्रीकरण करतो आहे. झेल्याचं पातं देठाला लागतं, फळ जाळ्यात अलगद पडतं.

"डेख ठेवून काढूक व्हया रे," मामा त्याला सांगतो, "नायतर चीक सालीर येतलो."

"आजोबा, परत एकदा बोला. पाखरू ओरडलं मध्येच."

"ओरडांदे. थंयच रवता ता."

मुलगा हसतो आणि पाखरासकट ठेवतो. चित्रीकरणावर तो गाणं चढवत नाही, अक्षरंही टाकत नाही. ते नंतर, ज्या त्या ॲपमध्ये. मूळ फीत कोरी राहते आणि रात्री हार्डडिस्कमध्ये जाते. तीच मग इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर, फेसबुकवर आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लागते.

हा धडा वहिनीच्या माहेराहून आला आहे. सावंतवाडीत तिचा भाऊ लाकडी फळं रंगवतो. केळी, फणसाचे गरे, डाळिंबं. त्याने टिकटॉकवर दीड वर्षं रोज एक व्हिडिओ टाकला होता. रंग चढतानाचा ब्रश, बस्स. माणसं बघत, ऑर्डरी येत. २९ जून २०२० ला सरकारने एकोणसाठ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदीची कारणं वेगळी, देशाच्या सुरक्षेची. पण त्याच्या हातातून दीड वर्षाचे व्हिडिओही गेले आणि माणसंही गेली, कारण दोन्ही तिथेच होती, दुसरीकडे कुठेच ठेवलेली नव्हती. दहा दिवसही झाले नाहीत तोवर, ८ जुलैला, इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. ज्यांच्याकडे मूळ चित्रीकरण होतं ते लगेच तिकडे गेले. तो शून्यापासून बसला. मला ही गोष्ट सांगताना वहिनी आजही हातातलं काम थांबवते.

साडेसात. चहा येतो. गवतावर बसून आम्ही तो पितो आणि मामा वाशीच्या काळाचं बोलू लागतो. तेव्हा पेट्या ट्रकने वाशीच्या बाजाराला जात. दर काय लागला हे दलालाची पट्टी हातात आल्यावर कळे, आणि पट्टी बघून बायकोशी बोलायचं धाडस होत नसे, असं तो म्हणतो. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत सगळं अडलं. आंबा तर झाडावर तयार. तेव्हा मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं होतं, कुणाला पाहिजे का. एका संध्याकाळी साठ डझन. अशा शेकडो सोसायट्यांनी त्या वर्षी कोकणातला आंबा थेट घेतला. त्यातून वहिनीचं पेज झालं. चार वर्षांत ते इतकं वाढलं की वाशीला जाणारा माल निम्म्यावर आला.

मग गेल्या वर्षीचा एप्रिल आला. तो मी इथेच बसून पाहिला आहे, म्हणून लिहिते.

सकाळी पेज उघडेना. नियमभंग झाला आहे, ओळख पटवा, एवढाच मजकूर. कुठला नियम, कुठे भंग, काही नाही. वहिनीने आधारकार्डाचा फोटो पाठवला, चेहरा हलवून दाखवला, पुन्हा पाठवला. बोलायला माणूसच नव्हता. ॲपचं नाव घेत नाही, हे कुठेही होऊ शकतं. अकरा दिवस ते बंद राहिलं आणि बाराव्या दिवशी काही न सांगता उघडलं. त्या अकरा दिवसांत आडीत तीनशेवर डझन पिकत होते. आंबा चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. शेवटी मिळेल त्या दराने ट्रक भरला गेला. वहिनी या दाराशी उभी होती, पाठमोरी. तिला हाक मारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या रात्री मामाने जे म्हटलं ते वहीच्या पहिल्या पानावर वहिनीच्या अक्षरात आहे. ती मला पान उलटून दाखवते.

"ती बाग करारान घेतलेली गो. कलमां आपली न्हय."

देवगडात हे कुणालाही फोड करून सांगावं लागत नाही. ज्याची बाग मोठी आणि मुलं मुंबईला, तो ती कराराने देतो. घेणारा फवारतो, राखण करतो, हंगामाचं फळ काढतो. पण पुढच्या साली मालकाने दुसऱ्याला दिली तर निघायचं. म्हणून शहाणा माणूस कराराची बाग घेतोही, आणि त्या पैशातून आपल्या कातळावर सुरुंग लावून, माती भरून चार कलमं स्वतःची लावतो.

वही म्हणजे ती चार कलमं. गेल्या पावसाळ्यात वहिनीने कुरिअरच्या जुन्या पावत्या, पत्त्यांच्या चिठ्ठ्या, सगळं काढून चार वर्षांची गिऱ्हाइकं उतरवली. पेजची माहिती उतरवून घेतली तेव्हा अनुयायांची नावं मिळाली, फोन नंबर एकही नाही. नंबर पावत्यांवर होते. प्रत्येकाला फोन करून तिने विचारलं, पुढच्या हंगामात कळवू का? नको म्हणणाऱ्याच्या नावावर रेघ मारली. बाकीच्यांसमोर गाव, किती डझन, कच्चा की तयार, पायरी चालते का, आणि कुणाच्या घरी मधुमेह. हे शेवटचं मला आधी विचित्र वाटलं होतं. "अशा घरी एक डझनच पाठवायचा असतो ताई, पण मुलीच्या घरी दुसरा डझन जातो," ती म्हणाली.

आठ वाजतात. ती हात धुते, मोबाइल सरळ करते.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत जास्तीत जास्त दोनशे छप्पन नावं बसतात, आणि ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला असतो त्यालाच निरोप पोहोचतो. म्हणून प्रत्येक खोक्यात ती एक चिठ्ठी घालते: आमचा नंबर सेव्ह करा. तीन याद्या केल्या आहेत, मुंबई-ठाणे, पुणे आणि बाकी सगळे. आठवड्यातून एकच निरोप. जास्त पाठवले तर लोक ब्लॉक करतात, आणि बऱ्याच जणांनी ब्लॉक केलं तर नंबरच अडकण्याची भीती. आजचा निरोप चार ओळींचा आहे. ती तो मला वाचून दाखवते, एक शब्द खोडते, पाठवते. फोन थरथरू लागतो.

तेवढ्यात पलीकडच्या वाडीतले निवासवाले काका दोन डझन न्यायला येतात. कुणकेश्वरच्या वाटेवर त्यांच्या चार खोल्या आहेत. त्यांचं फेसबुक पेज या गावातलं सर्वांत जुनं. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं की यापुढे धंद्यांच्या पानांपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी दिसतील. तेव्हापासून फुकट पोहोचणं आटत गेलं. काकांनी तेव्हा गूगल मॅपवर आपल्या खोल्या नीट टाकल्या, फाट्यापासूनची वाट फोटोंनी दाखवली, जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला अभिप्राय लिहायला सांगितलं.

"आता तां पण बदलतला," ते म्हणतात. "आमी रजिस्टर ठेवलंय."

"नंबरासयत?" वहिनी विचारते.

"व्हय तर."

यावरून कुणाला वाटेल की इथे रील्सना कमी लेखतात. तसं मुळीच नाही, आणि कुणी लेखूही नये. वहीतलं प्रत्येक तिसरं नाव आधी कुठल्या तरी रीलवरूनच आलं आहे. वही नवीन माणूस शोधून आणत नाही. ते काम ॲपचंच, आणि त्याच्या तऱ्हा सांभाळाव्याच लागतात. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन उभे केले, जुन्या चित्रांच्या कडा झाकल्या जाऊ लागल्या. वहिनीने त्या आठवड्यात दरपत्रक नव्याने मांडलं, आकडे मधोमध घेतले. अर्ध्या तासाचं काम. पण चालू गाण्यावर नाच करा, दिवसाला तीन टाका, असा सल्ला देणाऱ्यांचं तिने एक हंगाम ऐकलं आणि सोडून दिलं. बघणारे वाढले, घेणारे नाही. माझंही मत तेच झालं आहे. लहान माणसाकडे दिवसाचे जे दोन तास असतात ते ॲपच्या प्रत्येक लहरीमागे घालवले तर आडी कोण उलटणार?

तिचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ साक्याचा आहे. बाहेरून निर्दोष दिसणारा हापूस ती कापते, आतला पांढरट, स्पंजासारखा झालेला गर दाखवते आणि सांगते की हा कापेपर्यंत आम्हालाही कळत नाही, निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ. धंदा करणारा आपलं खराब फळ कधी दाखवतो? तिने दाखवलं, आणि पुढे ॲपने काहीही बदललं तरी तो व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवत राहिले.

दुपारी पॅकिंग. पुठ्ठ्याचे खोके, तळाशी पेंढा, प्रत्येक फळावर देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेचं सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर. २०२५ च्या हंगामापासून ते आलं. देवगडच्या नावाने दुसरीकडचा आंबा विकणाऱ्यांची पेजं कमी नाहीत. वहिनीचेच फोटो लावलेलं एक तिने स्वतः पाहिलं आहे. फोटो चोरता येतो. म्हणून ती आता गिऱ्हाइकाला स्टिकर कसं तपासायचं ते शिकवते.

चारच्या सुमारास फोन वाजतो. ठाण्याहून एक आजी. मागच्या खेपेत एका फळात साका निघाला. फोटो पाठवता येत नाही, नातू शाळेत आहे.

"फोटो नको आजी. सांगितलंत तेवढं पुरे," वहिनी म्हणते. मोबाइल खांद्याने कानाशी धरून ती वहीचं रबर काढते, पान शोधते, लाल पेनने लिहिते: १ फळ देणे. मग क्षणभर थांबून विचारते, "गुडघा कसा आहे आता?"

उत्तर लांबतं. ती ऐकत राहते, एका हाताने पेंढा पसरत. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजतो. मामा मार्करचं टोपण दातांनी काढून खोक्यावर वाकतो आणि माझ्याकडे बघतो. वही आता माझ्या मांडीवर आहे.

"फुडचो?"

"कोथरूड. दोन डझन, कच्चा."

"फुडचो?"

"मुलुंड. एक डझन तयार, एक पायरी."