अंगण वाकडे नव्हते

नाचता येईना, अंगण वाकडे! ही म्हण घराघरांत ठाऊक आहे. चूक आपली असली तरी माणूस आधी अंगणाकडे बोट दाखवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सहकारी हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनाही हा मोह झाला होता. हदीसमध्ये ही हकीकत त्यांच्याच तोंडून आली आहे.

हिजरी सन ९, म्हणजे इ.स. ६३०. तबूकच्या मोहिमेची तयारी चालू होती. कडक ऊन, लांबचा पल्ला आणि मदीनेत खजूर पिकलेले. कअब रोज तयारीसाठी बाहेर पडत आणि काहीच न करता घरी परतत. केव्हाही जमेल, असे मनाला समजावत. सैन्य निघून गेले. एक-दोन दिवसांत गाठू म्हणता म्हणता ते फार दूर गेले.

प्रेषित (स.) परतल्यावर मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक मशिदीत आले. त्यांनी शपथा घेऊन सबबी सांगितल्या. प्रेषितांनी (स.) त्या ऐकून घेतल्या आणि मनातले अल्लाहवर सोपवले. कअब कवी होते. शब्दांची त्यांना वाण नव्हती. तरीही त्यांनी सांगून टाकले की आपल्याला कसलीच अडचण नव्हती, उलट एवढी सुबत्ता पूर्वी कधी नव्हती.

याची किंमत मोठी होती. पन्नास दिवस मदीनेत कोणी त्यांच्याशी बोलले नाही. चुलतभावानेही सलामाचे उत्तर दिले नाही. आपल्या माणसांनी तर आधीच टोकले होते, इतरांसारखी एखादी सबब का सांगितली नाही? क्षणभर त्यांनाही बोललेले मागे घ्यावेसे वाटले. पण ते ठाम राहिले. अखेर त्यांची आणि त्यांच्यासारखेच खरे बोललेल्या आणखी दोघांची तौबा कबूल झाली. कुरआनच्या सूरह तौबामध्ये या तिघांचा उल्लेख आहे.

खऱ्या अडचणीला इस्लाममध्ये जागा आहे. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रमजानच्या रोजांतून सवलत असते. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. मात्र अडचण कोणती आणि सबब कोणती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. बंद दाराआड पाण्याचा घोट घेतला तर कोण पाहणार? तरी रोजेदार घेत नाही. हाच खरेपणा उधारी थकवताना, आजारी शेजाऱ्याकडे जायचे टाळताना टिकला पाहिजे. 'वेळच मिळाला नाही' म्हणण्यापूर्वी एकदा अंगणाकडे नीट पाहावे. बहुतेक वेळा ते सरळच असते.