खाडीचा पाटकरी कोण?

आपल्या ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या उपयुक्त विषयावर लिहावे, अशी सूचना कार्यकारी मंडळाने आम्हास केली, तेव्हा शिक्षण, शिष्यवृत्त्या, दवाखाना हे विषय प्रथम डोळ्यांपुढे आले. त्यांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून आम्ही एका शेजारणीविषयी लिहिण्याचे ठरविले. तिचे नाव आपण वर्षातील आठ महिने नाक मुरडून घेतो आणि उरलेले चार महिने भीतीने घेतो. ती शेजारीण म्हणजे आपली खाडी.

सुरत म्हटले की तापी आठवते. परंतु भेस्तान, पांडेसरा, उधना, डिंडोली, लिंबायत या भागांचे पावसाळ्यातील सुखदुःख तापीपेक्षा खाड्यांवर अधिक अवलंबून असते. मिठी खाडी, भेदवाड खाडी, कांकरा खाडी अशी त्यांची नावे आहेत. कामरेज व पलसाणा बाजूच्या शेतांवर पडलेला पाऊस उतार धरून शहराच्या दक्षिण भागातून वाहतो आणि मिंढोळा नदीच्या मुखाकडे, म्हणजे अखेरीस समुद्राकडे जातो. हे पाणी वाहून नेणाऱ्या मूळच्या नैसर्गिक वाटा म्हणजे या खाड्या. त्यांना आज आपण 'गटार' म्हणतो. पण त्या गटार म्हणून जन्माला आल्या नाहीत, आपण त्यांना गटार केले.

येथे एक शब्द समजून घेऊ. घराच्या छपरावर पडलेले सारे पाणी उतारावरून एका पन्हळीत येते. त्याचप्रमाणे ज्या भूभागावरचे पाणी एका प्रवाहात येऊन मिळते, त्या भूभागास त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. छपरावर पालापाचोळा साचला तर पन्हळ तुंबते; नुसती पन्हळ पुसून उपयोग होत नाही. खाडीचे तसेच आहे. आपली गल्ली, गिरणीचे आवार, शाळेचे पटांगण, मशिदीचे अंगण, हे सारे त्या छपराचे भाग आहेत. खाडीपासून आपले घर अर्धा मैल दूर असले, तरी आपण तिच्या पाणलोटातच राहतो.

दुसरी गोष्ट भरतीची. खंभातच्या आखातातील भरती-ओहोटी आपल्या देशात सर्वांत मोठी गणली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आले, की समुद्राचे पाणी नद्यांच्या आणि खाड्यांच्या मुखांतून आत चढते. त्याच वेळी वरून मुसळधार पाऊस पडत असेल, तर खाडीचे पाणी पुढे जाऊ शकत नाही. ते थबकते, फुगते आणि काठावरच्या घरांत शिरते. अशा वेळी खाडीला पसरावयास जागा हवी. ती जागा भराव टाकून, भिंती बांधून आपण बुजविली असेल, तर पाणी आपली जागा आपल्या घरात शोधते. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये लिंबायत, परवत पाटिया या भागांनी हाच अनुभव घेतला. तापीला महापूर नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला होता, तो प्रकार वेगळा. हा पूर खाडीचा होता, आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक वस्त्यांत पाणी दिवसच्या दिवस उभे राहिले.

पाण्याखेरीज विषाचाही प्रश्न आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचीन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक सांडपाणी बेकायदेशीरपणे नाल्यात सोडले जात असता विषारी वायू निर्माण झाला. जवळच्या गिरणीतील ६ कामगार त्यात मरण पावले व वीसहून अधिक जण रुग्णालयात दाखल झाले. भेस्तानपासून सचीन किती दूर आहे, हे आपणास सांगावयास नको. पोटासाठी गाव सोडून आलेल्या माणसांचा प्राण एका नाल्याने घेतला. म्हणून खाडीची स्वच्छता ही शोभेची बाब आहे, बागबगीच्याची हौस आहे, असे कोणी म्हणू नये. ती जिवाची बाब आहे.

मग हे काम करावयाचे कोणी? या प्रश्नाचे पहिले उत्तर 'महानगरपालिकेने' हेच येते, आणि ते चूक नाही. १९९४ च्या प्लेगनंतर या शहराने स्वच्छतेत जी प्रगती केली, ती तत्कालीन आयुक्त श्री. एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत महानगरपालिकेने हात घातला म्हणूनच. बमरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची शुद्धी करून दररोज ४ कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविण्याची योजना २०१४ साली सुरू झाली. जे पाणी वाया गेले असते, ते कापड रंगविण्याच्या कामी येऊ लागले. डॉ. हेडगेवार पुलापासून भीमराड-बमरोली पुलापर्यंत खाडीकाठच्या सुमारे ८७ हेक्टर जागेवर जैवविविधता उद्यानाची योजनाही महानगरपालिकेने हाती घेतली. ही कामे मोठी आहेत व ती शासनसंस्थेनेच करावयाची असतात.

तथापि दररोज प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी उभे राहणे कोणत्याही महानगरपालिकेस शक्य नाही. येथे लोकांचे काम सुरू होते. याचे एक शिकण्याजोगे उदाहरण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत आहे. तेथील खाम नदी उत्तरेच्या टेकड्यांत उगम पावते, शहरातून वाहते आणि पुढे गोदावरीस मिळते. मलिक अंबरने १६१० साली खडकी हे नगर वसविले ते याच नदीच्या आश्रयाने. त्याने टेकड्यांतील पाणी भूमिगत नहरींतून शहरात आणले. पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ, खामच्याच काठी, तशाच आणलेल्या पाण्यावर पाणचक्की चालू लागली आणि तिच्या जात्यावर फकीर व यात्रेकरूंसाठी दळण दळले जाऊ लागले. पाण्याचा एवढा मान राखणाऱ्या शहरातून वाहणारी खामही कालांतराने कचरा आणि सांडपाणी वाहणारा नाला झाली.

२०२१ साली तेथे महानगरपालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक ही उद्योगसंस्था, इकोसत्त्व ही पर्यावरणसंस्था आणि नागरिक यांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचे काम आरंभिले. त्या कामाचा क्रम आपण लक्षात घेण्याजोगा आहे. प्रथम त्यांनी काठावरच्या वस्त्यांतून घरोघरी कचरा उचलण्याची व्यवस्था बसविली. कारण बाई हातात कचऱ्याची बादली घेऊन उभी असेल आणि गाडी येत नसेल, तर ती बादली नदीतच रिकामी होणार. तेथे उपदेशाचा काय उपयोग? त्यानंतर साचलेला कचरा व राडारोडा काढणे, काठ नीट करणे, स्थानिक जातींची झाडे लावणे, मुलांना व नागरिकांना काठावर आणणे ही कामे आली. ज्या काठाकडे लोक पाठ फिरवीत, तेथे आता माणसे फिरावयास जातात. २०२४ साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या शहरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या अंतिम फेरीपर्यंत हे काम पोहोचले. खाम पूर्णपणे निर्मळ झाली असे नाही. अशी कामे तीन वर्षांत पुरी होत नसतात. पण क्रम बरोबर असला की काम टिकते.

क्रम चुकल्याचे उदाहरण पाहावयास लांब जावे लागत नाही. मुंबईसही एक मिठी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. तेव्हापासून त्या नदीचा गाळ दरसाल उपसला जातो, भिंती बांधल्या जातात, पैसा पाण्यासारखा खर्च होतो; पण वरून येणारी घाण थांबली नाही, म्हणून गाळही थांबला नाही. आधी थांबवावयाचे, मग काढावयाचे, मग लावावयाचे, हाच योग्य क्रम होय.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या ट्रस्टच्या बहुतेक कुटुंबांची मुळे खानदेशात किंवा मालेगाव भागात आहेत. तेथील वडीलधाऱ्यांना 'फड' हा शब्द ठाऊक असेल. पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी लहान बंधारे घालून पाट काढले गेले. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडीत, कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते गावकरी एकत्र बसून ठरवीत आणि पाणी फिरविण्यासाठी गावाचा पाटकरी नेमलेला असे. पिकांची राखण करण्यास जागल्या असे. त्यांची मजुरी शेतकरी धान्याच्या रूपाने देत. पाट फुटला तर 'सरकार केव्हा येईल' असे विचारीत कोणी बसत नसे, कारण पाट सर्वांचा होता. त्याच पांझरेचे आणि मोसमचे पाणी तापीला मिळून अखेरीस या सुरतेस येते. पाणी आले, माणसेही आली. पाटकरी तेवढा मागे राहिला.

हे लिहिताना स्वतःकडे बोट दाखविल्याशिवाय लेख प्रामाणिक होणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत शिकवीत होतो, तिची एक जुनी भिंत पाडून नवी बांधण्यात आली. राडारोडा नेण्यासाठी टेम्पो ठरविला, पैसे दिले, पटांगण मोकळे झाले. माल कोठे गेला, हे आमच्यापैकी कोणीही विचारले नाही. त्या पावसाळ्यात खाडीकाठच्या एका वस्तीत पाणी शिरले. आमच्या वर्गातील एक मुलगा चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला तो वह्यापुस्तकांशिवाय. तो सहज म्हणाला, "सर, आमच्या मागे आपल्या शाळेची भिंत पडली आहे. तिच्यावर साताचा पाढा आहे." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्याने पाहिले ते सांगितले. आम्ही जाऊन पाहिले. खाडीच्या काठावर, पाण्याच्या वाटेतच, आमच्या भिंतीचे तुकडे पडलेले होते आणि एकावर रंगाने लिहिलेला पाढा वाचता येत होता. ज्या मुलास आम्ही पर्यावरणाचा धडा शिकविला होता, त्याच्याच घराकडे पाणी वळविण्यास आमचा हातभार लागला होता.

त्या दिवसापासून आमचे एक मत पक्के झाले आहे. काठावर राहणारी माणसे खाडी घाण करतात, असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. प्रत्यक्षात ती माणसे सर्वांच्या घाणीच्या शेवटी राहतात. त्यांना दोष देऊन किंवा त्यांच्या डोक्यावरचे छप्पर हलवून खाडी सुधारणार नाही. त्यांना कामात पहिल्या रांगेत घेतले तर सुधारेल, कारण पाणी केव्हा चढते, कोठे अडते आणि रात्री कोणाच्या गाड्या येतात, हे त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नाही.

तेव्हा ट्रस्टने या महोत्सवी वर्षात काय करावे? आमच्या अल्पबुद्धीप्रमाणे चार गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक मोहल्ल्यातून दोन पाटकरी नेमावेत, एक काठावरचा व एक आतल्या गल्लीतला. त्यांनी मे महिन्यातच आपल्या भागातील खाडी व नाले पायी फिरून पाहावेत, कोठे अडथळा आहे त्याची यादी करावी आणि ती महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात लेखी देऊन पोच घ्यावी. दुसरी, घर, दुकान, शाळा, मशीद यांच्या दुरुस्तीचा राडारोडा कोठे टाकला, हे विचारल्याशिवाय टेम्पोवाल्याचे पैसे देऊ नयेत. अशा मालापासून फरशीचे ठोकळे बनविणारा प्रकल्प कोसाड येथे आहे. माल तेथे जाऊ शकतो. तिसरी, उधाणाच्या तारखा व वेळा पावसाळ्यापूर्वी फलकावर लावाव्यात, म्हणजे त्या दिवशी मोठा पाऊस आल्यास काठावरची कुटुंबे सामान आणि म्हातारीकोतारी माणसे वेळेवर हलवू शकतील. ट्रस्टचे सभागृह अशा रात्री उघडे असावे. चौथी, रात्री टँकर रिकामा होताना दिसल्यास त्याच्या जवळ जाऊ नये, कोणाशी वाद घालू नये. गाडीचा क्रमांक व वेळ टिपून पोलिसांना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवावे. सचीनच्या घटनेनंतर याचे कारण सांगावयास नको.

यांतील एकाही कामास मोठा निधी लागत नाही. लागते ती सवय. आपल्या धर्मात वुजूसाठीही पाणी जपून वापरावे, वाहत्या नदीच्या काठी बसलो असलो तरी उधळू नये, अशी शिकवण आहे. ती आपण लहानपणापासून ऐकतो. तिचा अर्थ एवढाच, की पाणी भरपूर आहे म्हणून ते आपल्या एकट्याचे होत नाही. आपल्यानंतर ते आणखी कोणाच्या तरी दाराशी जाते.

तो मुलगा पुढे दहावी उत्तीर्ण झाला व आता कामास लागला आहे. त्याचे घर अद्याप तेथेच आहे. पहिला पाटकरी म्हणून त्याचे नाव आम्ही कार्यकारी मंडळास सुचवीत आहोत. दुसऱ्या जागेसाठी आमचे नाव लिहून घ्यावे, ही विनंती.