रोड बाइकच्या चेनला कुठलं ल्यूब लावायचं? पनवेलची धूळ, पनवेलचा पाऊस

आजचा विषय छोटा आहे, पण राइड संपवून चहाच्या टपरीवर थांबलं की कुणी ना कुणी विचारतंच: 'चेनला काय लावतोस रे?' आणि मग पाच जणांची सहा मतं. आज ते जरा नीट सोडवूया. जे ऐकण्याऐवजी वाचतायत, त्यांच्यासाठी हा त्याच भागाचा मजकूर.

आधी आपले रस्ते बघा. एक्सप्रेसवेवर सायकलला परवानगी नाही. त्यामुळे पनवेलकर रोड बाइकवाला पळस्पे फाट्यावरून एक तर गोवा हायवेने कर्नाळ्याकडे जातो, नाही तर जुन्या हायवेने चौक, खालापूर, खोपोली. दोन्हीकडे ट्रक आणि कंटेनर आहेतच. म्हणजे कोरड्या महिन्यांत धूळ, जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, आणि खाडीमुळे हवा बारा महिने दमट. युरोपातल्या गुळगुळीत रस्त्यावर बसून कुणी 'हेच बेस्ट ल्यूब' म्हणत असेल, तर ते त्याच्या रस्त्यासाठी बेस्ट. आपलं उत्तर आपल्या रस्त्यावरूनच काढायला हवं.

तेल नेमकं कुठे हवं?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. रोड बाइकच्या चेनमध्ये साधारण ११०च्या आसपास कड्या असतात. प्रत्येक जोडावर एक पिन आणि तिच्याभोवती फिरणारा छोटा रोलर. पेडल मारताना चेन वाकते आणि सरळ होते, तेव्हा खरं घर्षण होतं ते पिन आणि रोलरच्या आत. बाहेरच्या चकचकीत पट्ट्यांना तेलाचं फारसं काम नसतं. गंज धरू नये इतका पातळ थर पुरतो.

पण आपण काय करतो? वरून भरपूर तेल ओततो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बाहेर राहिलेलं तेल धूळ पकडतं, धूळ आणि तेल मिळून काळी पेस्ट होते, आणि ती पॉलिश पेपरसारखं काम करते. 'चेन ताणली गेली' असं आपण म्हणतो ना, तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं. आतल्या पिना आणि त्यांच्या बैठका झिजलेल्या असतात. प्रत्येक जोडावर केसभर झीज, आणि शंभरावर जोड. म्हणून अख्खी चेन लांब वाटते.

आणि लांब झालेली चेन एकटी मरत नाही. ती कॅसेटचे आणि चेनरिंगचे दातही खाते. चेनपेक्षा कॅसेट बरीच महाग असते. पॉकेटमनीवर किंवा पहिल्या पगारावर सायकल चालवणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

बाटल्या तीन प्रकारच्या

ड्राय ल्यूब: नावामुळे गोंधळ होतो. बाटलीतून ते पातळ, ओलंच बाहेर येतं. त्यातला द्रव रोलरच्या आत शिरतो, मग उडून जातो आणि मागे मेणासारखा कोरडा थर राहतो. धूळ कमी चिकटते. तोटा असा की पावसात लवकर धुऊन जातं. आणि वाळायला वेळ लागतो, म्हणून राइडच्या आदल्या रात्री लावायचं. सकाळी साडेपाचला लावून पावणेसहाला निघालात, तर अर्धं चाकावर उडणार.

वेट ल्यूब: म्हणजे ओलंच राहणारं, दाट तेल. पाण्यात टिकतं, आवाज कमी येतो. पण धूळ चुंबकासारखी ओढतं. एप्रिल-मेमध्ये हे लावून उरणकडच्या कंटेनरच्या रस्त्याने गेलात, तर घरी येताना चेन काळीकुट्ट.

मेण अर्थात वॅक्स: चेन पूर्ण धुऊन, अगदी कंपनीचं ग्रीससुद्धा काढून, वितळलेल्या मेणात बुडवायची. चेन सगळ्यात स्वच्छ राहते, हाताला डागही लागत नाही. पण मेहनत जास्त, आणि एका जोरदार पावसानंतर पुन्हा सगळं करावं लागतं, नाही तर गंज. करायचंच असेल तर मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका. मोठ्या भांड्यात गरम पाणी आणि त्यात मेणाचं छोटं भांडं, असं वितळवा. बाटलीतलं थेंब-थेंब लावायचं वॅक्सही मिळतं, ते सोपं पडतं. तेही आदल्या रात्रीच लावायचं.

घरात आहे ते चालेल का?

खोबरेल: नको. ते पातळ असतं, भाराखाली टिकत नाही, आणि थंडीत गोठतं. पहाटे पारा २४ अंशांच्या खाली गेला की बाटलीतच बघा.

शिलाई मशीनचं तेल: अगदी अडलं तर एखाद्या राइडपुरतं. लवकर उडून जातं.

मोटरसायकलचा चेन स्प्रे: मोटरसायकलच्या बऱ्याच चेनमध्ये आतलं ग्रीस रबरी रिंगांनी बंद केलेलं असतं, आणि स्प्रे बाहेरून काम करतो. सायकलच्या चेनला अशा रिंगा नसतात. तो चिकट स्प्रे फक्त धूळ गोळा करतो. शिवाय स्प्रे डिस्कवर किंवा रिमवर उडाला, तर ब्रेक लागणार नाही. हे मात्र गंमतीवारी नेऊ नका, खोपोलीच्या घाटातून उतरताना ब्रेक हवाच.

डब्ल्यूडी-४०: ही निळी-पिवळी बाटली घरोघरी असते. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला ती तयार झाली. नावाचा अर्थच 'पाणी हटवणारं, ४०वं सूत्र'. म्हणजे मूळ काम पाणी काढणं आणि गंज रोखणं. भिजलेल्या चेनमधलं पाणी काढायला ठीक आहे, पण त्यानंतर पुसून खरं ल्यूब लावायलाच हवं. त्याच नावाने सायकलसाठी वेगळं ल्यूब मिळतं, ते निराळं.

मग पनवेलमध्ये काय?

माझं उत्तर: एकच 'बेस्ट' बाटली शोधू नका. दोन छोट्या बाटल्या आणि एक जुनं सुती फडकं ठेवा. ऑक्टोबर ते मे ड्राय ल्यूब किंवा थेंबाचं वॅक्स. पहिला दमदार पाऊस झाला की वेट ल्यूब, सप्टेंबरअखेरपर्यंत. बदलताना आधीचं पूर्ण धुऊन काढा, कारण तेलकट चेनवर वॅक्स बसत नाही. एकच बाटली परवडत असेल, तर तुम्ही पावसाळ्यात चालवता का ते स्वतःला विचारा. चालवत नसाल तर ड्राय. रोज सायकलवरूनच कॉलेजला किंवा कामाला जात असाल, तर वेट घ्या आणि कोरड्या दिवसांत दर राइडनंतर पुसा.

किती महागडी बाटली आहे, यापेक्षा तुम्ही किती वेळा पुसता यावर चेनचं आयुष्य जास्त अवलंबून आहे.

लावायचं कसं?

चेन आधी फडक्याने पुसा. मास्टर लिंक शोधा आणि तिथून सुरुवात करा, म्हणजे फेरी कुठे पूर्ण झाली ते कळतं. खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने, प्रत्येक रोलरवर एक थेंब. पेडल उलटं दहा-बारा वेळा फिरवा. थोडं थांबा. मग बाहेरचं सगळं पुसून टाका. हो, लावलेलं पुसायचं! आत गेलेलं आतच राहतं.

पावसात भिजून आलात, तर त्याच दिवशी पुसून, वाळवून ल्यूब लावा. 'उद्या बघू' म्हटलं की आपल्या दमट हवेत सकाळी तांबूस चेन हजर. गाड्या धुतात त्या जोराच्या फवाऱ्याखाली सायकल धरू नका. पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. आणि चेन धुतलेलं रॉकेल किंवा डिझेल गटारात ओतू नका. ते शेवटी गाढी नदीत आणि खाडीतच जाणार. बरणीत ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं.

चेन संपली का?

स्टीलची पट्टी घ्या, इंचाची. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनवर बरोबर १२ इंचांवर पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल, तर झीज अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. ११ किंवा १२ स्पीड असेल तर चेन बदला, कॅसेट वाचेल. १/८ इंच पुढे गेला असेल, तर कॅसेटचेही पैसे बाजूला काढा.

तर या रविवारी निघण्याआधी एवढं एक माप घ्या आणि किती आलं ते मला कळवा. ज्याच्या चेनचा आवाज तुम्हाला दर राइडला मागून ऐकू येतो, त्या मित्रालाही हा भाग पाठवा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत हेल्मेट घालून सायकल चालवा!