भाडे कोणी ठरवावे?



वसंतातल्या या सभांतून विद्वान माणसे मोठमोठ्या विषयांवर बोलतात. आम्ही शाळा अर्ध्यावर सोडलेली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा आमचा विषयही तसाच साधा आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खोलीचे म्हणून आपण जे पैसे मोजतो ते इतकेच का, आणि हा आकडा ठरविताना आपल्याला कोणी विचारले होते काय?

काही वर्षांपूर्वी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पगारवाढीचा करार झाला. त्यासाठी आम्ही चौदा महिने झगडलो होतो. मागणीपत्र दिले, ताळेबंद मागितला, शेजारच्या कारखान्यांचे दर दाखविले, आणि शेवटी महिना ९०० रुपयांची वाढ पदरात पडली. पेढे वाटले गेले. पुढच्याच महिन्यात, आमच्यातील बरेच जण ज्या चाळीत राहत होते तिच्या मालकाने खोलीमागे ५०० रुपये भाडे वाढविले. त्याला चौदा महिने लागले नाहीत. दारोदार सांगत गेला, झाले. एका कामगाराची बायको आम्हांस म्हणाली, "भाऊ, तुम्ही आणलेत ते त्याने नेले. मग तुम्ही आणलेत कोणासाठी?" याचे उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. मजुरीचा दर दोन्ही बाजूंनी बसून ठरवावयाचा असतो हे आम्ही तीस वर्षे लोकांना शिकवीत आलो, आणि भाड्याचा दर मात्र एकट्यानेच ठरवावयाचा असतो हे तीच तीस वर्षे निमूटपणे सोसत आलो.

वास्तविक या भागाला हा धडा नवा नाही. १९४५ साली डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारल्यांनी वेठ नाकारली आणि गवतकापणीचा दर मागून घेतला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेच्या वतीने तो लढा संघटित केला. तोवर कापणाऱ्याने किती कापायचे आणि काय घ्यायचे हे जमीनदार सांगत असे. दर हा बोलून ठरविता येतो ही गोष्ट वारल्यांनी आपल्या जिल्ह्याला शिकविली. ती खोलीच्या भाड्यालाही लागू पडते काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम भाडे म्हणजे काय ते पाहू. भाड्याच्या एका रुपयात निरनिराळे हिस्से असतात. पहिला, जमीन आणि बांधकाम यांत गुंतलेल्या भांडवलाचा. दुसरा, डागडुजीचा. तिसरा, पाणी, सफाई, जिन्यातला दिवा यांचा. चौथा, करांचा. पाचवा, ज्या खोल्या रिकाम्या राहतात त्यांच्या तुटीचा. खाजगी मालक असेल तर सहावा हिस्सा त्याच्या नफ्याचा. यांतला पहिला हिस्सा सगळ्यांत जड असतो. उदाहरणादाखल असे धरा की एक घर बांधण्यास ६ लाख रुपये लागले आणि ते सगळे ८ टक्क्यांच्या कर्जाने आणले. वर्षाचे व्याज ४८ हजार, म्हणजे महिन्याचे ४ हजार झाले. अजून मुद्दल फेडलेले नाही आणि एक कौलही बदललेले नाही. तेच, निम्मी रक्कम सरकारने अनुदान म्हणून दिली तर व्याज महिना २ हजारांवर येते. घर तेच, वीट तीच. म्हणून भाडे हे विटेवर जितके अवलंबून असते त्याहून अधिक ते भांडवलाचा भार कोणी उचलला यावर असते. भाड्याविषयी ज्याला बोलावयाचे आहे त्याने हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

आता आपल्या राज्यात हा हिशेब कसकसा झाला ते पाहू. १९२० साली मुंबई सरकारने कामगारांच्या घरांसाठी एक खाते काढले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या चाळींना बी.डी.डी. चाळी हे नाव पडले. शहरात येणाऱ्या कापसावर गाठीमागे १ रुपया कर बसविला आणि ५० हजार खोल्यांचा बेत आखला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी, सोळा हजारांच्या वर खोल्या उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. घरांची टंचाई तर भयंकर होती. तरी त्या दशकात यांतल्या कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या आणि सरकारला भाडी उतरवावी लागली. ज्या गिरणी कामगारासाठी चाळ बांधली त्याला भाडे किती झेपते, गिरणीपासून किती लांब चालेल, हे आधी विचारलेच गेले नव्हते. विचारले नाही म्हणून प्रश्न टळला नाही. कामगाराने न जाऊन उत्तर दिले, आणि त्या उत्तराची किंमत तिजोरीने भरली. आता या चाळींच्या जागी नव्या इमारती उठू लागल्या आहेत, आणि २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, केंद्र सरकारने औद्योगिक कामगारांच्या घरांची योजना काढली. तीत राज्य सरकारांना खर्चाची निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी कर्ज म्हणून मिळे. म्हणजे आमच्या वरच्या उदाहरणातला दुसरा प्रकार. घर चालविण्याचा पुरा खर्च म्हणजे आर्थिक भाडे, आणि सरकारी मदत वजा जाता उरते ते सवलतीचे भाडे, असा भेद तेव्हापासून लोकांच्या कानी पडला. ही योजना चांगली होती असेच आम्ही म्हणू. पण भाड्याचा आकडा तेथेही वरूनच खाली आला.

येथे आमच्याच बाजूची एक चूक कबूल केली पाहिजे. मुंबईच्या १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने खाजगी घरांची भाडी १९४० सालच्या आकड्याशी बांधून ठेवली. महागाईच्या काळात लाखो कुटुंबांना त्याने छप्पर राखून दिले, यात शंका नाही. परंतु आकडा गोठला आणि गिलावा काही गोठला नाही. मालकांनी डागडुजी सोडली, इमारती कोसळू लागल्या, आणि १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी कर बसवून वेगळे मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला. त्याखाली एकोणीस हजारांहून अधिक इमारती आल्या. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक आता अवाजवी झाली आहे असा निर्णय दिला. तेव्हा भाडे नुसते कमी असावे अशी मागणी अपुरी आहे. ते घर उभे ठेवण्याइतके असावे आणि राहणाऱ्याच्या मजुरीला पेलेल इतके असावे. ही दोन टोके जुळवावयाची तर दोघांनी समोरासमोर बसावेच लागेल.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. २०२० च्या टाळेबंदीत बोईसरच्या चाळींतून माणसे डोक्यावर बोचकी घेऊन निघाली, ते दृश्य आपल्यापैकी कोणी विसरले नसेल. काम बंद, मजुरी बंद, भाडे मात्र चालू. त्याच वर्षी केंद्र सरकारने शहरांतील स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. रिकामी पडलेली सरकारी घरे भाड्याने द्यावयाची हा तिचा एक मार्ग. उद्योग, त्यांच्या संघटना किंवा सार्वजनिक संस्था यांनी आपल्या जमिनीवर घरे बांधून २५ वर्षे भाड्याने चालवावयाची हा दुसरा. २०२४ पासून चालू झालेल्या प्रधानमंत्री शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वातही भाड्याच्या घरांचा विभाग ठेवलेला आहे. ज्या जिल्ह्यात तारापूरसारखी औद्योगिक वसाहत आहे तेथे हा प्रश्न आज ना उद्या दाराशी येणारच.

या २०२० च्या योजनेत भाड्याचा नियम काय? सुरुवातीचे भाडे स्थानिक पाहणीवरून ठरवावे. पुढे दर दोन वर्षांनी ८ टक्के वाढवावे. ५ वर्षांत एकूण वाढ २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. वाढीला मर्यादा आहे, हे चांगले. पण हिशेब करून पाहा. भाडे ३,००० पासून सुरू झाले तर दोन वर्षांनी ३,२४० आणि चार वर्षांनी ३,४९९ होते. तेच ४,००० पासून सुरू झाले तर ४,३२० आणि ४,६६६. आरंभीचा १,००० चा फरक चार वर्षांत १,१६७ झाला. पहिला आकडा ज्याने ठरविला त्याने पुढची सारी वर्षे ठरविली. आणि तो पहिला आकडा 'स्थानिक पाहणी' या दोन शब्दांत दडलेला आहे.

पाहणी कोणाची? सरावली, खैरापाडा, सालवड, पास्थळ येथल्या चाळींची आजची भाडी टिपून सरासरी काढली, तर ती टंचाईची सरासरी होईल. खोल्या थोड्या आणि माणसे फार, म्हणून जो भाव चढला, तोच योग्य भाव ठरेल. ज्या रोगावर औषध काढले त्या रोगालाच माप धरल्यासारखे हे झाले. पाहणी व्हावयाची तर ती मजुरीचीही व्हावी: ठेकेदाराकडच्या हेल्परला महिन्याकाठी हातात काय पडते, त्यातले गावी किती जाते, वीज आणि पिण्याचे पाणी यांवर किती जाते. हे आकडे कोणत्याही दप्तरात नाहीत. ते फक्त भाडेकऱ्याला ठाऊक असतात. त्याला विचारल्यावाचून पाहणी पुरी होत नाही, आणि हे काही आम्ही दयाबुद्धीने सांगत नाही. हिशेबाच्या दृष्टीने सांगतो.

बाहेरच्या देशांत काय आहे? इंग्लंडच्या १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याने नगरपालिकेच्या भाडेकऱ्यांना घरांच्या व्यवस्थेबाबत विचारणे सक्तीचे केले, पण त्याच कलमातून भाडे मात्र वगळले. दिव्याचा रंग विचारावयाचा आणि पैशाची गोष्ट विचारावयाची नाही, असा हा प्रकार. शेजारच्या स्कॉटलंडने २००१ च्या कायद्यात भाडे वाढविण्यापूर्वी भाडेकऱ्यांचे मत घेणे आणि ते विचारात घेणे बंधनकारक केले. स्वीडन आणखी पुढे गेले. तेथे भाडेकरूंची देशव्यापी संघटना आहे, आणि १९७८ च्या कायद्यानुसार ती घरमालक संस्थांशी भाड्याची वाटाघाट करते, जशी युनियन पगाराची करते तशी. आमच्यासारख्या माणसाला हे वाचून हेवा वाटला, हे लपवीत नाही.

तेव्हा विचारणे म्हणजे काय, हे आमच्या धंद्याच्या अनुभवावरून सांगतो. एक, ठरण्यापूर्वी विचारावे. ठरल्यावर विचारणे ही नुसती सूचना होय. दोन, वर सांगितलेले सर्व हिस्से आकड्यांनिशी फलकावर लावावेत, आणि ते मराठीत, हिंदीत व गरज तेथे ओडियातही वाचून दाखवावेत. तीन, पर्याय किमतीसह ठेवावेत: रोज सफाई हवी तर इतके, दिवसाआड चालेल तर इतके. चार, रात्रपाळीच्या माणसाला आणि घरातल्या बाईला येता येईल अशी वेळ धरावी. पाण्यासाठी रांगेत ती उभी राहते, तिचे मत घरधन्याने सांगून भागत नाही. पाच, मिळालेल्या प्रत्येक सूचनेवर काय केले, न केले तर का, हे लेखी कळवावे. आणि सहावे, बोलणाऱ्याची खोली जाणार नाही अशी हमी हवी. हे सहावे नसेल तर पहिली पाच कागदावरच राहतील. सभेत सगळे माना डोलावतील आणि बाहेर येऊन कुरकुरतील.

कोणी म्हणेल, भाडेनियंत्रण कायदा आहे ना? आहे. १९९९ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात खाजगी मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, पावती द्यावीच लागते, आणि पाणी-वीज तोडून भाडेकऱ्याला पिटाळता येत नाही. परंतु परिशिष्टात ज्या गावांची नावे आहेत तेथेच तो लागू होतो; आपले गाव त्यात आहे की नाही हे प्रत्येकाने पाहून घ्यावे. शिवाय सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना तो लागूच नाही. म्हणजे जेथे घर सरकारी, तेथे कायद्याची ढाल नाही. म्हणूनच तेथे विचारविनिमयाची गरज अधिक.

आपलेही एक काम आहे. मागणीपत्र घेऊन जाणारा कामगार पगाराची चिठ्ठी बरोबर नेतो, तसे भाड्याविषयी बोलणाऱ्याने वही ठेवावी. दिलेले भाडे, विजेचा युनिटमागे मालकाने लावलेला दर, विकत घेतलेले पाणी, गळके छप्पर सांगितल्याची तारीख. आम्ही गेल्या पावसाळ्यापासून काही चाळींत अशा वह्या सुरू केल्या आहेत. लिहिता न येणाऱ्यांसाठी शाळेतली पोरे लिहितात. त्या वह्यांनी अजून कोणाचे भाडे उतरलेले नाही. पण परवा एका मालकाने वाढ सांगण्यापूर्वी "बसून बोलू" असे म्हटले. त्या बाईच्या प्रश्नाला हे पुरे उत्तर नव्हे, हे आम्ही जाणतो. उत्तराची सुरुवात एवढीच आहे.