तीस पौंडांचा संकल्प आणि कुष्ठसेवा

वेलस्ली बेली या आयरिश शिक्षकाने १८६९ मध्ये अंबाला येथील कुष्ठाश्रम पाहिला आणि १८७४ मध्ये डब्लिनजवळ त्या रुग्णांची हकिगत सांगितली, तेव्हा ती ऐकणाऱ्या पिम भगिनींनी वर्षाला ३० पौंड जमवण्याचे वचन दिले; प्रत्यक्षात निधी त्याहून कितीतरी अधिक जमला आणि त्यातूनच आजचे ‘लेप्रसी मिशन’ उभे राहिले.

या कार्याचा खरा आधार धनिकांच्या देणग्यांपेक्षा सामान्य भाविकांची चिल्लर हा होता. १९१३ च्या सुमारास अमेरिकेतील कॅन्सस राज्यात विल्बर चॅपमन या मुलाने पाळलेले डुक्कर विकून ती रक्कम कुष्ठरुग्णांसाठी दिली, आणि त्यानंतर तेथील मुलांमध्ये डुकराच्या आकाराच्या गल्ल्यांतून निधी जमवण्याची प्रथा रुजली.

महाराष्ट्राशी या प्रवाहाचे नाते जवळचे असून अमरावती जिल्ह्यातील कोठारा येथे मिशनचे रुग्णालय आहे. १८७४ मध्ये या रोगावर खात्रीचे औषध नव्हते, त्यामुळे त्या काळी जमलेला पैसा प्रामुख्याने निवारा, अन्न आणि शुश्रूषा यांवर खर्च होई. आज बहुऔषधोपचाराने, म्हणजे एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याच्या पद्धतीने, कुष्ठरोग पूर्ण बरा होतो.

त्वचेवर फिकट, बधिर चट्टा आढळल्यास सरकारी आरोग्य केंद्रात अवश्य तपासणी करावी. तेथे उपचार मोफत मिळतात.